म्हात्र्यांच्या गाडीतल्या बांगड्या

म्हात्र्यांच्या गाडीत बांगड्या वाजत होत्या. मला त्या रोज ऐकू येत होत्या. आणि रोज मी त्यांना सांगत होतो, नाही बुवा, मलाही ऐकू येत नाहीत.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला घेतलं तर गोष्ट इतकी किरकोळ वाटते की समोरचा म्हणेल, "बरं, मग?" त्या 'मग'चं उत्तर द्यायचं तर काशिनाथ म्हात्रे सांगावे लागतात. आणि ते एका वाक्यात सांगण्यासारखे नाहीत.

तळोज्याच्या एका कारखान्यात म्हात्रे कॉम्प्रेसर हॉलचे सीनियर ऑपरेटर होते आणि मी सेफ्टी ऑफिसर. ठेंगणे, रुंद, मान जवळजवळ नाहीच. शर्टाची वरची बटणं उघडी, आत सोन्याची चेन. चालताना हात अंगापासून जरा लांब, नुकतेच होडीतून उतरल्यासारखे. गाव खाडीकाठचं. शेत आणि मिठागर नव्या वसाहतीखाली गेलं आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ती यांना. पुष्कळ लोक ही हकिगत डोळ्यांत पाणी आणून सांगतात. म्हात्रे ती दम दिल्यासारखी सांगायचे.

"मी मागाया गेल्तो का नोकरी? नाय. तुमी जमीन घेतली नि तुमीच दिली. दिली ना? मंग पुरी द्या."

'दिलाय ना, मंग पुरा द्या' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते कशालाही लागू व्हायचं. कँटीनच्या अर्ध्या भरलेल्या चहाला, एका पायाला चावणाऱ्या सेफ्टी शूजला, गावठाणातल्या नळाच्या पाण्याला. एकदा पावडर विभागातल्या लोकांना धुळीवर उतारा म्हणून मिळणारा गूळ काळपट आणि वाळूचा आला. लोक कुरकुरले आणि गप्प बसले. म्हात्रे पावडर विभागात नव्हते, त्यांना गूळ मिळतही नसे. पण त्यांनी एक ढेप उचलली, मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि चहाच्या ट्रेमध्ये ठेवली.

"सायेब, आज साखर नको. कामगारांचा गूल टाकून प्या."

मॅनेजर प्यायला नाही. पुढच्या खेपेला गूळ बदलला. मी विचारलं, "म्हात्रे, तुम्हाला काय मिळालं यातून?"

"मना काय मिलायचा? ज्याचा त्याला मिलाला."

कंपनीची बस बंद झाली तेव्हा आम्ही त्यांच्या गाडीतून जायला लागलो. मी करंजाड्याचा, म्हात्रे पलीकडच्या गावठाणातले, आणि वाटेत पनवेलला चढणाऱ्या अकाउंट्सच्या दातार मॅडम. जागा ठरलेल्या. म्हात्रे चालवायचे, मी शेजारी, दातार मॅडम मागे डबा मांडीवर घेऊन. गाडी लाल, छोटी, आणि म्हात्र्यांनी तिचं मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलेलं. तसं वाचणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. गाडीत जे जे दिलंय ते ते वापरलं गेलंच पाहिजे, अशी शिस्त. आभाळात ढगाचा ठिपका नसताना मागचा वायपर अधूनमधून फिरवायचे.

"कशाला हो?" दातार मॅडम.

"दिलाय ना? बसून गंजंल तो."

या गाडीला गाडीच्या कंपनीनेच बसवलेला स्टिरिओ होता. चार दारांत चार स्पीकर, मधोमध पडदा. बाकी कुणी बॉलिवूड लावलं असतं, बातम्या लावल्या असत्या. म्हात्रे एकच लावायचे, त्यांच्या आईचे धवळे.

आगरी लग्नात धवळे गाणारी बाई असते, धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही आणि नवरा बोहल्यावर चढत नाही. म्हात्र्यांची आई पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. ती गेली त्याच्या थोडं आधी, एका पुतणीच्या हळदीत, कुणीतरी फोनवर तिचं रेकॉर्डिंग केलं होतं. म्हातारा, जाडसर, कुठेही न थरथरणारा आवाज. मागे बायकांची कुजबुज, मध्येच एक मूल रडतं. आणि ताल धरताना म्हातारीचा हात मांडीवर पडतो तेव्हा तिच्या काचेच्या बांगड्या किणकिणतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकदा.

त्या बांगड्या हरवल्या. म्हणजे म्हात्र्यांच्या लेखी हरवल्या.

"सायेब, आयक," एका सकाळी, दातार मॅडम चढायच्या आधी, ते म्हणाले. रागात असले की अहो-जाहो सुटायचं. "आयचा आवाज येतं. बायका येतान. पन बांगड्या गेल्या कुटं? पयल्या होत्या."

मी ऐकलं. म्हातारीने ओळ संपवली आणि बांगड्या वाजल्या. अगदी स्वच्छ.

आता इथे मला थोडं मागे जावं लागेल.

त्याच्या काही महिने आधी कंपनीत कान तपासणारी गाडी आली होती. दरवर्षी यायची. माणूस छोट्या केबिनमध्ये बसतो, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबतो. तपासणाऱ्या बाईंनी शेवटी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "कॉम्प्रेसर हॉलमधल्या लोकांचे वरच्या पट्टीतले, बारीक आवाज ऐकू यायचे बंद व्हायला लागलेत. म्हात्रे सगळ्यांत पुढे. त्यांना तिथून हलवा. मी सांगू त्यांना, की तुम्ही सांगता?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

आधी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "साळवी, आत्ता नको. एकाला हलवलं की सगळे उठतील. शटडाउनमध्ये बघू." त्याचा आवाज अगदी मऊ होता. मला कुणी धमकावलं नाही. मुलीची ॲडमिशन, फ्लॅटचा हप्ता, ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी मला फक्त भांडण नको होतं. कँटीनमध्ये म्हात्रे पोह्यांची बशी घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "काय मंग, आमचे कान?"

"फर्स्टक्लास," मी म्हणालो.

त्यांनी ते ऐकलं आणि गावभर केलं. "माजे कान फस्क्लास हायेत. सायबानं सांगितलाय." आणि म्हणूनच, बांगड्या ऐकू येईनाशा झाल्या तेव्हा त्यांचा हिशोब सरळ होता. कान फस्क्लास. मग दोष कुणाचा? सेटचा.

"तुमाला येतान का बांगड्या?" त्यांनी विचारलं.

येतात म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणालो, "नाही. जरा दबकाच आहे आवाज."

त्या दिवसापासून म्हात्रे त्या स्टिरिओच्या मागे लागले.

सुरुवात पनवेलच्या ॲक्सेसरीच्या दुकानापासून झाली. दुकानदाराने सेट न ऐकताच सांगितलं, "काका, कंपनीचा सेट म्हणजे नावाला. काढून टाका. नवा टाकतो, मागे डबा ठेवतो, धडधड वाजेल."

"धडधड कोनला पायजे? माज्या आयशीच्या बांगड्या पायजेत."

"त्यासाठीच सांगतो, नवा घ्या."

"कंपनीनं चार स्पीकर दिलेत ते फुकट दिलेत का? जे दिलाय ते पुरा वाजला पायजे. मी काढनार नाय. तू नको शिकवू."

दुकानदार हसला. त्या हसण्याने म्हात्रे पेटले. तिथून पुढे त्यांना जो कोणी सेट बदला म्हणायचा तो त्यांच्या लेखी दुकानदाराचा भाऊ.

पहिल्यांदा गाडीतले खडखडणारे आवाज गेले. दाराच्या खणातली बाटली, चिल्लर, दातार मॅडमची चष्म्याची डबी, देवाची लटकणारी मूर्ती, सगळं बाहेर. मूर्ती डॅशबोर्डवर चिकटून बसली. मग सेटिंग. पडद्यावर 'रॉक', 'पॉप' असल्या तयार चवी होत्या, त्या सगळ्या बंद केल्या. "पोरांचा चाट मसाला हाय तो. कशावर पन टाकतान." आवाज एका बाजूला झुकत होता तो मधोमध आणला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण ऐकतोय ते रेकॉर्डिंग दहा हातांतून फिरून आलेलं आहे. "फॉरवर्ड म्हनजे पानी घातलेला दूद." ज्या भाच्याने मूळ रेकॉर्डिंग केलं होतं त्याच्या जुन्या फोनमधून ते काढून आणलं, पेन ड्राइव्हवर घातलं. आईचा आवाज खरंच उघडला. नुसतं गाणं नाही, गाण्याआधी तिने घेतलेला श्वासही यायला लागला.

"आला का नाय फरक?"

"आला," मी म्हणालो. ते खरं होतं.

"नि बांगड्या?"

"नाही."

मग दारं. एका रविवारी त्यांनी मला अंगणात बोलावलं. चारी दारांची आतली पॅनल सोडवून ओळीने भिंतीला टेकवलेली, आणि म्हात्रे लुंगीवर, हातात रोलर. दाराच्या पत्र्याच्या आत काळ्या, जाड शीटा चिकटवत होते. पत्रा थरथरला की आवाज खातो, हे त्यांनी कुठूनसं मिळवलेलं ज्ञान. दारात जी भोकं होती तीही बुजवली, पाणी निचरायची तेवढी सोडून. एका स्पीकरच्या दोन वायरी उलट जोडलेल्या निघाल्या. आधी कधीतरी दार उघडलेल्या कुणीतरी ती करामत केली होती. त्या सरळ झाल्या तेव्हा पसरलेला आवाज एकदम समोर, काचेच्या मधोमध येऊन बसला. म्हात्रे वहिनी ओट्यावर कोळंबी सोलत होत्या. "सालवी भाऊजी, तुमी सांगा त्यांना. दाराचं लुगडं फेडून ठेवलंय सकालपासून."

मला सांगायचं होतं. देवाशप्पथ सांगायचं होतं. पण तोपर्यंत मी इतक्या वेळा 'नाही' म्हणालो होतो की 'हो' म्हणायला तोंड कुठून उघडायचं ते कळेना.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी आणि ती मी अभिमानाने करतो. म्हात्र्यांनी त्या साध्या सेटला जे करून दाखवलं ते दुकानदाराच्या धडधडीला जमलं नसतं. एक सुटा भागही न बदलता. नंतर मी दुसऱ्या महागड्या गाड्यांतून फिरलोय, असा मोकळा आवाज ऐकला नाही. म्हातारी डॅशबोर्डवर बसून गातेय असं वाटायचं. मागच्या बायकांतली एक ठसकते, तिचा ठसका कुठल्या कोपऱ्यातून आला तेही कळायचं. आणि बांगड्या तर अशा वाजायच्या की हाताने धराव्यात.

पण त्यांना येत नव्हत्या. म्हणून शेवटी त्यांनी ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज वाढवणारं सेटिंग, पुरा वर केला. मग गाडीत बसणं म्हणजे शिक्षा झाली. दातार मॅडम म्हणाल्या, "म्हात्रे, कानात सुया घुसतायत हो!"

"तुमाला वायपरचा पन तरास, सुयांचा पन तरास."

मॅडमनी इअरफोन घातले आणि आपली मालिका सुरू केली. सुटल्या बिचाऱ्या. मी पुढे बसून 'अजून दबकंच वाटतं' म्हणत राहिलो. आणखी एक व्हायचं. वळण झाल्यावरही इंडिकेटर चालू राहायचा. टिक टिक, टिक टिक, पार कळंबोलीपर्यंत. मागून हॉर्न वाजायचे. म्हात्रे म्हणायचे, "हे शहरवाले. उगाच बोंबलतान." मी हात लांबवून इंडिकेटर बंद करायचो. ते म्हणायचे, "आवाज पन नाय करत साला. याचा पन रिले गेला वाटतं."

त्यांची मुलगी प्रणाली पुण्याला नर्सिंगला होती. सुट्टीत आली आणि एकदा स्टेशनवरून घरी येताना गाडीत बसली. त्यानंतरच्या सकाळी म्हात्रे मला घ्यायला आले ते काही न लावता. सेट बंद.

पनवेल मागे पडल्यावर म्हणाले, "प्रणाली बोल्ली, पप्पा, आजीच्या बांगड्या कानात टोचतान, कमी करा. मी बोल्लो, बांगड्या? ती बोल्ली, कवापासून वाजतान. मंग तिनं इंडिकेटर लावला. बोल्ली, हे येतं का आयकू? मना नाय आला."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

"सायेब, तिला येतं. मना नाय येत. तुमाला पन नाय येत. मंग तुमच्यात नि माज्यात सारका काय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हॉल. तुमी राउंडला येता नि मी दिवसभर असतो. हॉलनं खाल्ले आपले कान."

माझ्या खोटेपणावर पाय देऊन हा माणूस खऱ्यापर्यंत पोहोचला होता. मी म्हणालो, "वय पण होतं म्हात्रे."

"प्रणालीची आय मंग काय पोरगी हाय? तिला येतं. सगल्यांना येतं. आमाला नाय येत."

पुढे त्यांनी जे केलं ते आमच्या कारखान्यात आधी कुणी केलं नव्हतं. शिफ्ट सुटायच्या वेळेला त्यांनी गाडी गेटसमोर आणून लावली. काचा बंद, एसी बंद, ट्रेबल पुन्हा मधोमध, आईचं रेकॉर्डिंग लावलेलं. आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून आत बसवायला लागले.

"बस. आयक. बांगड्या येतान का? येत असल्या तर गुलमोहराखाली उबा र्‍हा. नसल्या तर भिंतीकडे."

पॅकिंगवाले, स्टोअरवाले, वॉचमन हसत बसले आणि हसत गुलमोहराखाली गेले. कॉम्प्रेसर हॉलवाले बसले, ऐकलं, बाहेर आले आणि एकमेकांकडे न बघता भिंतीकडे गेले. एक, मग दुसरा, मग सगळेच. हसणं थांबलं. हॉलमधला ठाकूर दोनदा बसला. दुसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा म्हणाला, "काशिनाथ, परत लाव ना. बायको रोज बोल्ते ते याच्यामुलंच आसंल बग, तू आयकतच नाय माजं."

दातार मॅडम बसल्या. दार उघडून म्हणाल्या, "अहो, वाजतायत की! ठणठणीत वाजतायत!" आणि मग माझ्याकडे वळल्या. "साळवी, तुम्हाला नाही येत?"

"बसा, सायेब," म्हात्रे म्हणाले.

मी बसलो. दार बंद झालं. बाहेरचं सगळं शांत. म्हातारीने श्वास घेतला, ओळ म्हटली, हात मांडीवर पडला. बांगड्या वाजल्या. काचेपलीकडे म्हात्र्यांचा चेहरा होता, वाट बघणारा. येतात म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग इतके दिवस काय सांगत होता? मी दार उघडलं आणि म्हणालो, "नाही."

म्हात्र्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला भिंतीकडे नेलं. "सायेब पन आपलाच," ते सगळ्यांना म्हणाले. ठाकूरने सरकून मला जागा दिली.

दुसऱ्या दिवशी ते सगळे मॅनेजरच्या केबिनमध्ये. मला पुढे उभं केलेलं. म्हात्रे म्हणाले, "नुसते आमी नाय. हा तुमचा सेफ्टीचा सायेब. याचे पन गेले. आता बोला."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. त्याला बाईंनी सांगितलेलं माहीत होतं आणि माझे कान ठणठणीत आहेत तेही त्याच तपासणीवरून माहीत होतं. तो शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. आधी साळवींना बाहेर तपासू. त्यांचे गेले असतील तर तुमचं म्हणणं मान्य, सगळ्यांना पाठवतो. पण त्यांचे चांगले निघाले तर ही गाडीतली टेस्ट बंद. डीजे लावून लग्नं करता तुम्ही, मग कान कुणामुळे गेले कुणाला सांगता येणार?"

"मान्य," म्हात्रे म्हणाले. छाती पुढे. "लावा पैज."

मला वाशीला पाठवलं. तशीच छोटी खोली, हेडफोन, हातात बटण. वाटभर ठरवत गेलो होतो, बटण दाबायचंच नाही. पण आत बसल्यावर वाटलं, नापास झालो तर माझ्याच नोकरीच्या कागदांवर बहिरा म्हणून लागेल. एक एक बारीक आवाज येत गेला आणि मी बटण दाबत गेलो. सगळ्या प्रकरणात माझ्या कानांबद्दल एकदाच खरं बोललो, आणि ते अशा जागी की त्या खऱ्याने सगळ्यांना खोटं पाडलं.

मॅनेजरने निकाल वाचून दाखवला. साळवींचे कान नॉर्मल. विषय संपला.

मला वाटलं आता म्हात्रे माझ्या तोंडावर थुंकतील. ते ताडकन उठले आणि मॅनेजरलाच म्हणाले, "टेस्टवाला तुमचा! रोज मी याच्यासंग बसतो. याला बांगड्या येत नायत, मना म्हाईत हाय. याचे पन कान खाल्ले नि वर त्याला खोटा पाडताव?"

ते माझी बाजू लढत होते. मी खाली मान घालून उभा होतो, आणि सगळ्यांना वाटलं की बिचारा साहेब घाबरलाय.

त्यानंतर म्हात्र्यांनी हॉलमध्ये जायचं बंद केलं. रजा नाही, संप नाही. वेळेवर यायचे, हजेरी लावायचे, आणि हॉलच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. मशीनचे काटे बाहेरून काचेतून वाचायचे. "कान दिले तुमाला, पुरे घेतलेत. आता आमचा काय ते द्या, मंग आत येतो." मेमो आले, तिथल्या तिथे परत गेले. हळूहळू बाकीचेही आपापल्या खुर्च्या घेऊन आले. कंपनीला शेवटी कॉम्प्रेसरभोवती बंद खोली बांधावी लागली, कानावरचे मफ द्यावे लागले. कंपनीवाले कधी 'तुमच्यामुळे' म्हणाले नाहीत आणि 'तुमचं खरं होतं' असं तर मुळीच नाही. गेलेल्या कानांबद्दल एक शब्द नाही. नवी पोरं मात्र आज त्या हॉलमध्ये कान झाकून उभी राहतात. ते म्हात्र्यांचं.

मी खोली बांधून व्हायच्या आधीच महाप्याला दुसरी नोकरी धरली. गाडीतली माझी जागा सुटली. म्हात्र्यांनी फोन केला होता. "सायेब, तिकडं मशीन लांबून बगा," म्हणाले.

परवा मी त्यांना पाहिलं. करंजाड्यात, भाजीवाल्यांच्या रांगेसमोर लाल गाडी उभी. काचा बंद, आत म्हात्रे एकटेच, केस पूर्ण पांढरे. डावा इंडिकेटर लुकलुकत होता. मी पुढे जाणार होतो, पण त्यांनी बघितलं आणि दार ढकललं. बसलो, माझ्या जुन्या जागेवर.

ते माझ्याशी सावकाश, ओठ नीट हलवत, मोठ्याने बोलत होते. आधी मला कळेना असं का. मग कळलं. त्यांना वाटत होतं मलाही ऐकू येत नाही.

"प्रणालीनं मशीन दिलंय!" कानामागचं छोटं यंत्र त्यांनी दाखवलं. "बांगड्या येतान आता! पन मी सोडला नाय हां. वकील केलाय. कंपनीनं कान घेतले, कंपनीच मशीन देल. सगल्या हॉलवाल्यांना देल. वकील बोल्तो, कंपनीला आदी म्हाईत होता असा सांगनारा एक माणूस पायजे. तसा कोन गावत नाय. पन तुमी या. तुमचे पन गेलेत, तेवडी तरी साक्ष द्या."

मग त्यांनी आईचं गाणं लावलं, कानातलं यंत्र काढलं, शर्टाच्या टोकाला पुसलं आणि तळहातावर माझ्यापुढे धरलं. हातात ते बारीक शिट्टी घालत होतं. त्यांना ती ऐकू येत नव्हती.

"लावा. लावून बगा. इतक्या वर्सांनी येतील तुमाला."

मी ते कानात घातलं. म्हातारीचा हात मांडीवर पडला.

"आल्या?"

"आल्या," मी म्हणालो.

त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "बोल्लो नव्हतो? सेटमंदीच होत्या!" आणि इतके मोकळे हसले की भाजीवाली वाकून आत बघायला लागली. मी यंत्र परत दिलं, उतरलो. गाडी वळली, समोरच्या गल्लीत गेली, इंडिकेटर अजून चालूच.

कंपनीला आधी माहीत होतं असं सांगणारा माणूस त्यांना सापडत नाही. तो मी आहे. तपासणाऱ्या बाईंनी मला सांगितलं होतं, मी मॅनेजरला सांगितलं होतं, आणि म्हात्र्यांना फर्स्टक्लास म्हणालो होतो. माझे कान चांगले आहेत, तेव्हाही होते. बांगड्या मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होत्या. एवढं त्यांच्या तोंडासमोर, मग वकिलापुढे, त्यांना यंत्राशिवायही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगणं, हे मी म्हात्र्यांचं देणं लागतो.